अभयाचे मासे

मासळीवाल्या शालूबाईनं शेजारच्या कोंबडीवाल्याकडून आतड्यांचा मूठभर गोळा मागून घेतला आणि पाखरांना दाणे टाकावेत इतक्या सहज पाठीमागच्या टबात टाकला. पाणी उसळलं. माझ्या पातळावर शिंतोडे आले. त्या काळ्या पाण्यात काळीच अंगं एकमेकांवर चढली. मिशा, तोंडं, पांढरी पोटं, कोण कुणाला ओढतंय कळेना, आणि बघता बघता सगळं गप्प. आतडी नव्हती. टबाच्या तळाशी लांबट सावल्या पुन्हा निवांत पडल्या होत्या, दर वर्षी मी बघत आले तशा, अंग चोरून, बिचाऱ्या. मी नाकाला लावलेला पदर तसाच धरून उभी राहिले.

"घाबरल्यासा व्हय काकी?" शालूबाई हसली. "सकाळधरनं उपाशी हायत. तुमच्यासंगं लांब जायाचं, म्हटलं पोट भरून जाऊंद्यात."

"हे मांस खातात?"

"मग काय भाजी-भाकरी खात्यात? आवो, मांगूर हाय त्यो. बोट घातलंसा तर बोट बी खाईल." मग आवाज खाली आणून म्हणाली, "नाव मोठ्यानं नका घिऊ. सरकारची बंदी हाय ह्येच्यावर. तुमच्यासाठी म्हणून मागवून ठेवलंय."

रंगाच्या रिकाम्या बादलीत तिनं पाच मासे सोडले, वर भोकं पाडलेलं झाकण लावलं आणि सुतळीनं आवळलं. मासळी बाजारात मला सगळी ओळखतात. जैनाची बाई, वर्षातून एकदा येते, नाकाला पदर लावून उभी राहते आणि कापू नका, स्वच्छ करू नका, जिवंत द्या म्हणते. चेष्टा करतात, पण मानही देतात. आज मात्र ती बादली उचलताना माझा हात आखडला. आतून झाकणावर एक टक्कर बसली. मी मनात म्हटलं, राजमती, तू हे काय उचलून चाललीयेस?

तीन वर्षांपूर्वी हे दवाखान्यात पडले होते. छातीत कळ येऊन जेवणाच्या ताटावरून कोसळले ते थेट आतल्या काचेच्या खोलीत. डॉक्टर काही नीट बोलेनात. बस्तीचे, म्हणजे आमच्या जैन मंदिराचे, उपाध्ये भेटायला आले, बाकड्यावर माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, मरणाच्या दारातल्या एखाद्या जीवाला अभय द्या, त्यासारखं दान नाही. अभिनंदन, आमचा मुलगा, बेंगळुरूहून रात्रभर गाडी चालवून आलेला, डोळे लाल, तो लगेच उठला. बापासाठी काहीतरी करायला मिळालं ह्याचंच त्याला बरं वाटलं असणार. पण कोल्हापुरात सुरीखालचा जीव सोडवायचा म्हणजे कुठला? बोकड सोडवून ठेवायचा कुठं? कोंबडी सोडली तर कुत्री फाडतात. मासळी बाजारात गेला तर सगळा मासा बर्फावर, मेलेला. जिवंत मासा तिथं एकच, मांगूर, कारण पाण्याबाहेर काढला तरी तो अर्धा दिवस श्वास घेत राहतो. म्हणून तो जिवंत विकला जातो, आणि म्हणूनच आमच्या दयेला तो एकटाच सापडला. अभिनंदननं टबभर मासे नेसरीजवळच्या आमच्या रानात नेले, ओढ्याच्या डोहात सोडले. तिसऱ्या दिवशी ह्यांनी डोळे उघडून चहा मागितला. झालं! त्या चहानं सगळं ठरवून टाकलं. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा माझा जीव त्या डोहात आहे असं हे हसत हसत सांगायला लागले, आणि दर वर्षी होळी झाली की मासे सोडायचे. ह्यांनी डोहाच्या काठावर पाटीसुद्धा लावली, हिरव्या रंगात पांढरी अक्षरं: अभयदान, येथे मासे पकडू नयेत. पुढंपुढं हसणं गेलं आणि नुसता विश्वास उरला. माणूस आजारी पडला की त्याच्याशी वाद घालता येत नाही. त्याच्या उशाशी आपण सगळेच मूग गिळून बसतो.

आता ह्यांच्या छातीत पुन्हा दुखायला लागलंय. डॉक्टरांनी फोटो काढले, तीन नसा बंद, बायपास करायचीच, सोमवारी या म्हणाले. नाही केली तर? तर वाट बघा म्हणाले, कशाची ते बोलले नाहीत. आणि ह्यांचं एकच, मासे सोडल्याबिगर मी टेबलावर झोपत नाही. अभिनंदन रविवारी रात्री येणार. तो समजावून थकला. मी आधी हातापाया पडले, मग चिडले, मग शेवटी म्हटलं, बाबा, सोडून येते. शेजारच्या स्नेहलला ह्यांच्याजवळ बसवलं आणि शुक्रवारी सकाळी निघाले. म्हणजे गोष्ट साधी होती. बादली नेसरीला न्यायची, उपडी करायची, परत यायचं. सोमवारी ऑपरेशन.

एसटीत बादली दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट धरून बसले. कंडक्टरनं तिकीट देताना विचारलं, "मावशी, काय हाय ह्येच्यात?" "मासे." "कुठं, लग्नाला व्हय?" मागची दोघंतिघं हसली. मी खिडकीबाहेर बघितलं. कागल गेलं, निपाणी गेली. खड्ड्यात गाडी आदळली की बादलीतलं पाणी माझ्या घोट्याला लागायचं, कोमट, बुळबुळीत, आणि आत काहीतरी वळायचं. तीन वर्षं मी त्यांना गरीब समजत होते. डोहाच्या काठाशी उभं राहून, ती काळी अंगं पाण्यात सुळकन् जाताना बघून माझे डोळे भरून यायचे. जा बाबांनो, सुखानं जगा. काय खाऊन जगतील, हे एकदाही मनात आलं नाही. शेवाळ खात असतील, पानं खात असतील, आपण खातो तसलंच काहीतरी. माझ्या डोळ्यांपुढं सारखा तो टब येत होता, पुन्हा पुन्हा उसळणारा, आणि प्रत्येक वेळी टबाच्या जागी मला डोह दिसायला लागला. डोहात कुणी आतडी टाकत नाही. मग तिथं हे काय ओढतात? कुणाला?

संकेश्वरला गाडी थांबली. कुणीतरी कानडीत भांडत होतं. त्या चढ्या आवाजानं मला सासूबाई आठवल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या रानात वस्ती होती, पिण्याचं पाणी ओढ्याचं. पाणी गाळल्याबिगर तोंडाला लावायचं नाही ही रीत माझ्या माहेरीही होती. दुहेरी फडकं, वर घागर, खाली हंडा. पण सासूबाईंचं फडक्याकडं बघणं वेगळंच. पाणी गाळून झालं की त्या फडकं उन्हाकडं धरायच्या. त्यात इवले इवले जीव वळवळत असायचे, लालसर, पारदर्शक, केसापेक्षा बारीक, काहींना पाय, काहींना नुसती शेपूट. ह्याला जिवाणी म्हणतात. ते फडकं गाळलेल्या पाण्यानं हलकेच धुऊन ते पाणी जिथून आणलं तिथंच सोडायचं. एकदा मी आळस केला. कडक ऊन होतं, ओढा खाली, विहीर जवळ. मी ओढ्याची जिवाणी विहिरीत ओतली. सासूबाईंनी बघितलं आणि असा आवाज चढवला की पलीकडच्या रानातली माणसं काम थांबवून उभी राहिली. "राजमती! ज्या पाण्याचं जीव त्याच पाण्यात! परक्या पाण्यात सोडलंस म्हंजे मारलंस. आन तिथल्यांस्नी बी मारलंस!" मला त्या वेळी राग आला होता. इतक्याशा किड्यांसाठी नव्या सुनेला गावासमोर बोलायचं? मला वाटलं, म्हातारीला छळायला निमित्त पाहिजे. आणि आता एसटीच्या खिडकीशी बसून माझ्या अंगावर काटा आला. कारण आम्ही काय केलं होतं तीन वर्षं? कुठल्या कुठल्या तळ्यात वाढवलेले, टेम्पोत घालून आणलेले हे जीव आमच्या ओढ्यात सोडत होतो. रीत आमची, घर आमचं, आणि एवढी साधी गोष्ट आमच्यातल्या एकालाही आठवली नाही. फडक्यातला किडा आम्हाला दिसायचा. टबातला मासा मात्र फक्त ह्यांचा जीव म्हणून दिसला. मनात म्हटलं, नाही, असं काही नसेल. तू उगाच डोकं चालवतेस. ओढा बघ आधी.

फाट्यावर आकाराम मोटारसायकल घेऊन उभा होता. आमचं रान तोच करतो, वाट्यानं, ओढ्याच्या पलीकडचं त्याचं स्वतःचं. आवाज असा की शेजारी बसलेल्या माणसाशीही बांधावरून बोलल्यासारखा बोलतो. बादली बघितल्यावर मात्र तो गप्प झाला. "आणलासा," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "काय झालं रे?" "काय न्हाय. अण्णा कसं हायत?" "सोमवारी ऑपरेशन." "व्हय की," म्हणाला, आणि गाडी चालू केली.

ओढ्याकाठची करंजं नव्या पालवीनं पोपटी झाली होती. डोहावर त्यांची सावली अगदी पूर्वीसारखीच पडली होती, म्हणून आधी मला काही कळलं नाही. नुसतं काहीतरी कमी आहे असं वाटत राहिलं, घरातलं घड्याळ बंद पडलं की वाटतं तसं. मग कळलं, आवाज नाही. बेडकांचं डराव डराव भर दुपारी नसतंच, पण काठावरनं चालताना पुढं पुढं टप् टप् उड्या पडायच्या, त्या पडल्या नाहीत. खंड्या नव्हता. त्या फांदीवर कायम एक असायचा, निळा, तापट, आपल्याला बघून ओरडत जाणारा. पाण्यावर गरगर फिरणाऱ्या काळ्या पाणनिवळ्या, लहानपणी अभिनंदन त्यांना पकडायला तासन् तास बसायचा, त्यातली एक नव्हती. पाणी गढूळ, कुणी नुकतंच आत उतरून तळ ढवळल्यासारखं. मी खाली बसले. घशाला कोरड पडली होती. पिशवीतनं तांब्या काढला, सवयीनं फडकं काढलं, गाळून घेतलं आणि सवयीनंच ते उन्हाकडं धरलं. हिरवट चिकटा होता. हलणारं काही नव्हतं. मी फडकं उलटं केलं, पुन्हा बघितलं, पार डोळ्यांशी नेलं. माझे डोळे गेले असतील म्हणून आकारामला म्हटलं, तू बघ. त्यानं बघितलं नाही. त्याला बघायची गरजच नव्हती.

"आकाराम, इथलं सगळं गेलं कुठं?"

तो काठीनं माती उकरत राहिला. मग एकदम त्याचा नेहमीचा आवाज सुटला. "गेलं कुठं म्हंजे? ह्येंनीच खाल्लं की काकी! मळ्या मासं खाल्लं, झिंगं खाल्लं, कुर्ल्या खाल्ल्या, बेडकाची पिल्लं खाल्ली. गेल्या साली पाणकोंबडीची पिल्लं वढताना मी सोता बगितलंय, ह्या डोळ्यानं. पावसात वढ्याला पाणी चढलं की पसरत्यात, वर बी आन खाली बी. गावातली पोरं गळ टाकाय येत हुती, अण्णांची पाटी बगून माघारी गेली. अण्णांच्या जीवाचं मासं, कोण हात लावणार?"

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू?" तो माझ्याकडं सरळ बघत म्हणाला. "मासं सोडल्यानं धनी जगला म्हणतासा. आन मी फोन करून सांगू, मासं वाईट हायत म्हणून? तुमीच सांगा, तुमी ऐकलं असतंसा?"

नसतंच ऐकलं. त्यालाच काहीबाही बोलले असते, तुला खायचेत म्हणून सांगतोयस असंसुद्धा म्हणाले असते. जीभ मला कमी नाही. त्यानं मला हात धरून वरच्या अंगाला नेलं. डोहाच्या वरती पुरुषभर उंचीची धोंड आहे, पावसाळ्यात तिच्यावरून पाणी पडतं, आता नुसती ओल होती. तिच्या वर गुडघाभर पाण्याचं एक डबकं. मी वाकले आणि तोंडावर हात गेला. सगळी इथं होती. पाणनिवळ्या गरगरत होत्या. नखाएवढे मासे थव्यानं एकदम वळत होते, सावली पडली की दगडाखाली, सावली हलली की बाहेर. एक कुर्ली आपल्या बिळाच्या तोंडाशी नांगी उचलून माझ्यावर चवताळून उभी राहिली. इवलीशी, आणि काय तो आवेश! दगडाच्या अंगाला गोगलगायी चिकटल्या होत्या. काठाच्या चिखलात बेडकाची पिल्लं ठिपक्यांसारखी. मला इतका आनंद झाला की हसूच आलं.

"हितवर अजून पोचल्याली न्हाईत," आकाराम म्हणाला. "पर ह्या पावसात पाणी धोंडीला टेकलं की चढत्यात. चिखलातनं चालत बी जातंय त्ये. मग संपलं. ह्येच्या वर वढाच न्हाय, नुसता डोंगर."

आम्ही खाली आलो. बादली करंजाच्या सावलीत होती, झाकणावर आतून थाप बसत होती. आकाराम बिडी पेटवून दूर जाऊन बसला, म्हणजे ठरवायचं ते मी ठरवायचं. मी बादलीशेजारी बसले आणि माझं मन असं धावायला लागलं की बाजारातली बाईसुद्धा इतकी घासाघीस करत नाही. पाच तर आहेत. डोहात शेकड्यांनी असतील, त्यात पाच. मेलेल्या डोहात आणखी काय मरायचंय? आता बादली उपडी करते, घरी जाते, सोडले म्हणते, हे सोमवारी टेबलावर जातील, जगतील. नंतर बघू. नंतर सांगू. आणि मग ती कुर्ली डोळ्यापुढं यायची, नांगी उगारलेली. मी स्वतःला म्हटलं, बाई, तुझा नवरा तिकडं पलंगावर पडलाय आणि तू कुर्लीचा विचार करतेस? लाज वाटत नाही? नवरा गेला तर ओढा तुला भाकरी वाढणार आहे? मग दुसरं मन, मग नुसतं खोटंच सांग. इथं सोडू नकोस, सोडले म्हण. पण मासे तर इथंच आहेत. त्यांचं काय करू? बाजारात परत दिले तर उद्या शालूबाई कापणार. घरी नेऊन बादलीत ठेवले तर खायला काय घालू, माझ्या स्वयंपाकघरातून? दुसऱ्या कुठल्या पाण्यात सोडू म्हटलं, तर तिथंही कुणाचातरी ओढा असणारच. एवढी मोठी दुनिया, आणि ह्या पाच जिवांना जागा नव्हती. ती आम्ही आणलेली होती. त्यांनी काही केलं नव्हतं. भूक लागल्यावर खाल्लं एवढंच. मला त्यांची दया येत होती, खरंच येत होती, आणि ह्या दयेनंच सगळा घात केला होता हेही कळत होतं, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच छातीत मावेनात. मी आयुष्यात चुलीशी आलेल्या मुंगळ्याला कागदावर घेऊन बाहेर सोडलंय. अंधार पडल्यावर जेवले नाही, दिव्यावरचा किडा ताटात पडू नये म्हणून. साठी उलटून गेल्यावर मला हे ठरवायला लावलंस, मी कुणाला म्हणत होते कळत नाही, पण म्हणत होते.

"आकाराम," मी हाक मारली. "ह्यांना मार."

तो उठून उभा राहिला. बिडी हातातच राहिली. "मी न्हाय," तो म्हणाला. "काय बी सांगा, रान काढून घ्या पायजे तर. अण्णांच्या नावानं आणल्यालं जीव मी मारणार न्हाय. उद्या त्येंचं बरंवाईट झालं तर?"

तीच भीती मला. तीच, अगदी तीच. मी सुतळी सोडली आणि बादली कोरड्या मातीवर उपडी केली. डोहापासून दहा-बारा पावलांवर. मला वाटलं, पाणी नाही, पडून राहतील, हळूहळू शांत होतील. चिखलातनं चालतात म्हणाला होता, कोरड्यातही चालतील हे मला काय ठाऊक! ते पाचही पोटावर उलटले, पाण्याकडं तोंड केलं आणि चालायला लागले. पुढचे पर टेकवून, अंग झोकत, डावीकडं, उजवीकडं, रांगत्या पोरासारखे. पाणी दिसत नव्हतं त्यांना, मध्ये गवत होतं, तरी पाचांनाही ठाऊक होतं पाणी कुठं आहे. मी पुढं धावले आणि मध्ये उभी राहिले. एक माझ्या पायाशी आला, त्याच्या मिशा माझ्या अंगठ्याला लागल्या. मी झाकणानं त्याला मागं ढकललं. तो पुन्हा आला. मी पुन्हा ढकललं. दुसरा बाजूनं निघाला, मी तिकडं. पातळ मातीनं माखलेलं, पदर सुटलेला, मी जोरजोरात रडत होते आणि म्हणत होते, "नको रे, जाऊ नको, जाऊ नको," जगायला निघालेल्या जिवाला.

"सरा काकी," आकाराम माझ्या मागं येऊन म्हणाला. त्याच्या हातात कुदळीचा दांडा होता. त्याचंही तोंड वाकडं झालं होतं. "सरा म्हणतो न्हवं. हाल करू नगा त्येंचं. आन घराकडं तोंड करून उभ्या ऱ्हावा."

मी सरले, पण तोंड फिरवलं नाही. माझ्या सांगण्यावरून होतंय, तर माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे. मी मातीत बसले आणि णमोकार मंत्र म्हणायला लागले, मरणाऱ्या जिवाच्या कानाशी म्हणतात तसा. त्यांना कान कुठं असतात तेही मला माहीत नव्हतं. लवकर संपलं नाही. मग आकारामनं करंजाखाली खड्डा काढला, पाचही आत ठेवले, माती ओढली, दांडा ओढ्यात धुतला आणि हात वाळूनं घासत बसला. "ह्ये पाच झालं," तो पाण्याकडं बघत म्हणाला. "आत हायत त्येंचं काय?" मी म्हटलं, "अण्णांना विचारते." बोलून गेले आणि मलाच हसू आलं. अण्णांना! त्यांना काय सांगणार होते मी?

परतीच्या गाडीत तोच प्रश्न. रिकामी बादली मी तिथंच टाकून आले होते, तरी दोन्ही पाय फाकवूनच बसले होते. सोडले म्हणायचं. एक शब्द. माणूस वाचत असेल तर खोट्याला पाप नाही, असं कुणीतरी सांगितलेलं आठवत होतं, कोण ते आठवेना. निपाणीपर्यंत माझं पक्कं होतं, सोडले म्हणायचं. कागल आलं तेव्हाही पक्कं होतं. जिना चढतानाही. स्नेहलनं दार उघडलं, काका जेवले, गोळी दिली, म्हणाली आणि गेली. मी हात धुतले, पुन्हा धुतले. आतून हाक आली.

"सोडलंस?"

हे उशीला टेकून बसले होते. दिवसभर त्याचीच वाट बघत असणार. दाढी वाढलेली, डोळे एवढेसे झालेले, आणि त्या डोळ्यांत लहान मुलासारखी घाई. चाळीस वर्षं ह्या माणसानं माझ्याशी एकही गोष्ट लपवली नाही, कधी कधी लपवली असती तर बरं झालं असतं इतकी. मी तोंड उघडलं आणि पक्कं केलेला शब्द आलाच नाही.

"नाही," मी म्हटलं. "मारले."

आणि मग सगळं सांगितलं. शालूबाईचा टब, डोह, फडकं, धोंडीवरचं पाणी, कुर्ली, ते पाच जण कसे चालत निघाले ते. थांबताच येईना. हे ऐकता ऐकता भिंतीकडं वळले. मला त्यांची पाठ दिसत होती, बंडीतून वरखाली होणारी, आणि मी त्या पाठीकडं बघत मनात म्हणत होते, संपलं. मीच संपवलं. आता हे दवाखान्यात जाणार नाहीत, आणि जे होईल ते माझ्या हातून झालेलं असेल. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं, वाजवतच होतं. मला खाली जाऊन त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"येळ लागला?" हे भिंतीकडं बघतच म्हणाले.

"लागला."

"तू बगत हुतीस?"

"हो."

"णमोकार म्हटलास?"

"म्हटला."

मग म्हणाले, "डोहात अजून किती हायत?"

"कोण मोजणार? पुष्कळ आहेत."

"ती समदी माझ्यासाठी सोडल्याली," हे म्हणाले. "माझ्या नावावर जगल्याली. समद्या वढ्याला खाऊन." आवाज फुटला, खोकला आला, मी पाठ चोळायला गेले तर हातानं थांबवलं. मग माझ्याकडं वळले. डोळे ओले होते, पण भीती कुठं गेली होती कोण जाणे. कपाळाला आठी होती, रानात काम अडल्यावर पडायची तसली.

"सोमवारी किती वाजता बलिवलंय?"

मला आधी समजलंच नाही. "आठ वाजता," मी म्हटलं. "उपाशीपोटी."

"जाऊ. छाती नीट केल्याबिगर वढ्यापतोर चालणं हुयाचं न्हाय माझ्यानं. डॉक्टर तीन महिनं म्हणतोय, म्हंजे मिरगाच्या आत जमंल." थांबून दम घेतला. "आकारामला सांग, जाळी आणून ठिव म्हणावं, पर मी येईपतोर हात लावू नको. माझ्यासाठी सोडल्याली, ती काढताना मी तिथं पायजे."

मी पलंगाच्या कडेशी उभीच होते. ह्यांनी पांघरुणाखाली पाय थोडे आत ओढून घेतले, मला बसायला जागा व्हावी म्हणून. मी बसले.